खलनायकाविना राजकारण

राजकीय चित्रपट म्हटलं की भ्रष्ट मंत्री, त्याला भिडणारा प्रामाणिक इन्स्पेक्टर आणि शेवटी चुकता होणारा हिशेब डोळ्यांपुढे येतो. एक माणूस संपला की प्रश्न मिटला, असा खोटा दिलासा असे चित्रपट देतात. मनात ठाण मांडून बसतात ते मात्र सत्तेचा रोजचा व्यवहार दाखवणारे. जब्बार पटेल दिग्दर्शित, विजय तेंडुलकर लिखित ‘सामना’ पाहा. निळू फुल्यांच्या हिंदुराव धोंडे पाटलांनी गावात आणलेली सुबत्ता खरी आहे, आणि म्हणूनच गायब झालेल्या मारुती कांबळेचं काय झालं, हे विचारायला कुणी धजावत नाही. विचारतो तो डॉ. लागूंचा दारुडा मास्तर. पटेल-तेंडुलकर जोडीच्याच ‘सिंहासन’मध्ये (१९७९) निळू फुले पत्रकार दिगू टिपणीस होतात. मुख्यमंत्र्यांची खुर्ची हलवण्याचे डाव त्याला सगळे कळतात, पण बातमीदाराला सगळं कळल्यानं काहीच बदलत नाही. ते ओझं असह्य होऊन तो शेवटी बेभान हसत सुटतो.

चैतन्य ताम्हाणे यांचा ‘कोर्ट’ (२०१४) मला या वाटेवरचा सर्वांत धारदार चित्रपट वाटतो. लोकशाहीर नारायण कांबळे यांच्या गाण्यामुळे एका सफाई कामगारानं गटारात उतरून आत्महत्या केली, असा आरोप आहे. मग त्या कामगाराची विधवा साक्षीला येते आणि सपाट आवाजात सांगते, की त्याला संरक्षणाची साधनं मिळतच नव्हती; गटारातून झुरळ बाहेर आलं तरच आत हवा आहे असं समजून तो उतरायचा. आरोपातली सगळी हवा इथेच निघून जाते, तरी खटला चालूच राहतो. यात कुणीच दुष्ट नाही. सरकारी वकीलबाई घरी जाऊन स्वयंपाक करतात, न्यायाधीश सुट्टीत सहलीला जातात. अन्याय होतो तो तारखांमधून, कलमांमधून.

हे चित्रपट निराश करतात, उपाय सांगत नाहीत, अशी तक्रार असते. ‘कोर्ट’ संथ आहे, असंही म्हणतात. पण तारखांवर तारखा पडणाऱ्या खटल्याची गोष्ट वेगानं सांगितली, तर ती खोटी ठरेल. आणि निराशेचं म्हणाल, तर ‘सामना’तला मास्तर प्रश्न सोडत नाही, ‘कोर्ट’मधल्या नारायण कांबळेंचे वकील जामिनाचे अर्ज थांबवत नाहीत. यश हाती नसतानाही टिकणारी ही चिकाटी खलनायकाला लोळवणाऱ्या नायकात दिसत नाही, कारण त्याचा विजय पहिल्या रिळातच ठरलेला असतो.