सोळा पत्त्यांचे बीजगणित

कल्याणचे बिर्ला महाविद्यालय १९७२ साली निघाले, ठाण्याचे बांदोडकर विज्ञान महाविद्यालय १९७६ साली, आणि बदलापूर-टिटवाळ्यापासून ठाण्यापर्यंतच्या ज्या मुलांना पदवीच्या गणितासाठी पहाटेची गाडी धरून मुंबई गाठावी लागे, त्यांतल्या पुष्कळांना हे शास्त्र घराजवळ मिळू लागले. या टापूतील अमूर्त बीजगणिताच्या अध्यापनाचा आढावा संपादकांनी मागितला आहे. परंतु ज्याने या विषयाच्या एकाच अंगाची चाकरी आयुष्यभर केली, त्याच्याकडून तटस्थ जमाखर्चाची अपेक्षा कोणी ठेवू नये.

अभ्यासक्रमातील फेरफारांचा मजकूर थोडक्यात आटोपतो. आरंभी हर्स्टाइनचे १९६४ चे पुस्तक आम्ही प्रमाण मानीत असू, पुढे गॅलियनचे आले. वार्षिक परीक्षा जाऊन सत्रपद्धती आली. चक्रीय उपगट, लाग्रांजचे प्रमेय, नॉर्मल उपगट, आयसोमॉर्फिझमची प्रमेये हा शिरस्ता मात्र अबाधित राहिला.

माझा आग्रह पहिल्या दिवसापासून एकच होता: गट प्रथम कोष्टकात दिसावा आणि मग त्याची व्याख्या फळ्यावर यावी. केलीने १८५४ साली अमूर्त गटाची कल्पना मांडली, ती कोष्टकाच्याच आश्रयाने. डोंबिवलीच्या वर्गात मी पत्त्यांच्या जोडातून एक्के, राजे, राण्या आणि गुलाम असे सोळा पत्ते काढून देई आणि सांगे, की चार ओळी, चार रकाने असे मांडा, की कोणत्याही ओळीत वा रकान्यात तोच रंग किंवा तोच हुद्दा दोनदा येऊ नये. चार घटकांचे गट दोनच. हुद्दे क्लाइनच्या गटाच्या कोष्टकाप्रमाणे मांडले, की रंग बिनतक्रार बसतात. चक्रीय गटाच्या कोष्टकाप्रमाणे मांडले, की मुले तासभर झटतात, इस्पिकाच्या जागी बदाम आणि बदामाच्या जागी किलवर करून पाहतात, आणि रंग काही केल्या बसत नाहीत.

का बसत नाहीत? एका रंगाचे चार पत्ते प्रत्येक ओळीत एक, प्रत्येक रकान्यात एक आणि प्रत्येक हुद्द्याचा एक असेच असणार. ओळींचे अंक ०, १, २, ३. त्यांची बेरीज ६, म्हणजे चाराने भागून बाकी २. रकान्यांचीही बाकी २. कोष्टकातील नोंद म्हणजे ओळ अधिक रकाना, तेव्हा चार नोंदींची बाकी शून्य यावयास हवी. पण चारही हुद्दे एकेकदाच आले असतील, तर ती पुन्हा २ यावयास हवी. एवढ्या चार ओळींच्या युक्तिवादाने दोन गटांतील भेद जो मनावर ठसतो, तो घटकांच्या कोटींची यादी पाठ करून ठसत नाही.

आणि हा खेळ पोरखेळ नव्हे. ऑयलरने १७८२ साली सहा पलटणींतील सहा हुद्द्यांच्या ३६ अधिकाऱ्यांचा प्रश्न घातला आणि तर्क केला, की ६, १०, १४ अशा क्रमाच्या चौरसांत अशी मांडणी असंभव आहे. सहापुरता तो तर्क खरा असल्याचे टारीने १९०० साली दाखविले. सहाच्या पुढे तो सर्वत्र खोटा असल्याचे १९५९ साली सिद्ध केले ते बोस, पार्कर आणि आपले शरदचंद्र शंकर श्रीखंडे यांनी. सागरला जन्मलेले आणि नागपुरात शिकलेले श्रीखंडे १९६३ साली मुंबई विद्यापीठाच्या गणित विभागाचे प्रमुख झाले, म्हणजे ज्या विद्यापीठाची पदवी आमची मुले घेत, तेथेच ते होते. त्यांच्या नावाचा आलेखही १९५९ चाच: चाराच्या चक्रीय गटाच्या दोन प्रतींच्या गुणाकारातून सोळा बिंदू, प्रत्येक बिंदू सहांशी जोडलेला, आणि संपूर्ण आकृतीच्या सममिती १९२. माझ्या सोळा पत्त्यांच्या जागी हे सोळा बिंदू मांडून मी कित्येक तास आनंदात घालविले आहेत.

काही विद्वान मित्रांचे म्हणणे असे, की अनंत गटांना कोष्टक नाही, सबब कोष्टकाची सवय घातक, आणि पत्ते तर वर्गात अशोभनीय. पहिला आक्षेप मी कबूल करतो. व्याख्या टाळावी असे मी कधीच म्हटले नाही, ती केव्हा यावी एवढाच वाद आहे. दुसऱ्यास उत्तर ११५० च्या सुमारास लिहिल्या गेलेल्या लीलावतीतच आहे. शंकराच्या दहा हातांतील दहा आयुधांच्या ३६,२८,८०० मांडण्या आणि विष्णूच्या चार आयुधांच्या २४ मांडण्या भास्कराचार्यांनी ज्या प्रीतीने मोजविल्या, ती प्रीती अशोभनीय असेल, तर मग पत्तेही असोत. त्याच २४ मांडण्यांचा गट आज आपण चारांचा सममित गट म्हणून शिकवितो.

आज मात्र फळ्यावर कोष्टक क्वचितच दिसते. तयार टिपणे फोनवरून फिरतात, लाग्रांजचे प्रमेय पाच गुणांचे म्हणून पाठ होते, आणि सहा घटकांच्या अक्रमनिरपेक्ष गटाचे उपगट विचारले, की विद्यार्थी गोंधळून पाहतो. कारण तो गट त्याने हाताने मांडलेलाच नसतो. यात मुलांचा दोष मी मानीत नाही. हाताने मांडून पाहण्यास लागणारा तास आम्ही वेळापत्रकातून काढून घेतला.

निवृत्तीच्या आधीच्या वर्षी अंबरनाथहून येणाऱ्या एका मुलीने पत्ते गोळा करता करता विचारले, "सर, आठचे काय?" आठ घटकांचे गट पाच, त्यांपैकी केवळ चक्रीय गटाच्या कोष्टकात रंग बसत नाहीत, हे हॉल आणि पेज यांच्या १९५५ च्या निबंधातून कळते, पण मी ते तिला सांगितले नाही. आठवड्याने ती वही घेऊन आली. चार गटांची कोष्टके आखून त्यांत आठ-आठ घरे तिने लाल पेन्सिलीने रंगविली होती, अशी की ओळ, रकाना आणि नोंद यांपैकी काहीच पुन्हा येऊ नये. क्वाटर्नियन गटाचे पान खोडून खोडून जवळजवळ फाटले होते. पाचव्या पानावर रंग नव्हता. तेथे तिने आठांची बाकी काढून तोच बेरजेचा युक्तिवाद लिहिला होता.