पंचांविना झडती

लातूरच्या गंजगोलाईत किंवा नांदेडच्या इतवाऱ्यात पोलिसांना एखाद्या घराची झडती घ्यावयाची असेल, तर दोन पंच बरोबर न्यावे लागतात. पंच शक्यतो त्याच वस्तीतील प्रतिष्ठित रहिवासी असावेत, झडती त्यांच्यासमक्ष व्हावी, जप्त वस्तूंच्या यादीवर त्यांच्या सह्या असाव्यात आणि त्या यादीची प्रत घरात राहणाऱ्यास मिळावी, असे कायदा सांगतो. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या १०० व्या कलमातील ही तरतूद १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या १०३ व्या कलमातही कायम आहे. पंच फितूर होतात, कोऱ्या कागदावर सह्या घेतल्या जातात, हे कोर्टाची पायरी चढलेल्या प्रत्येकास ठाऊक आहे. तरीही या तरतुदीमागील तत्त्व मोलाचे आहे. सरकारला घरात शिरता येईल. मात्र कोणत्या संशयावरून शिरले, कोणासमक्ष शिरले आणि काय सापडले, याचा जाब त्याला द्यावा लागेल.

आज माणसाचे खासगी आयुष्य घरातील पेटीत उरलेले नाही. ते मोबाइलमध्ये आहे, आणि त्याची प्रत कंपन्यांच्या दूरदेशीच्या संगणकांवर आहे. बारशाची, बाळंतिणीची, आजारपणाची छायाचित्रे आपण न कळत तेथे जमा करीत असतो. त्यांपैकी काही कंपन्या ही छायाचित्रे यंत्राकरवी तपासतात. या तपासणीला पूर्वसंशय लागत नाही, पंच लागत नाहीत आणि यादीची प्रत कोणास मिळत नाही.

या तपासणीचे कारण क्षुल्लक आहे असे मात्र कोणी समजू नये. बालकांवरील लैंगिक अत्याचारांची चित्रे हा जगभरचा बाजार झाला आहे. अत्याचार एकदा होतो. त्याचे चित्र मात्र हातोहात फिरत राहते आणि प्रत्येक फेऱ्यागणिक त्या मुलाची नव्याने विटंबना होते. २००९ साली मायक्रोसॉफ्ट कंपनी आणि प्राध्यापक हॅनी फरीद यांनी ‘फोटोडीएनए’ हे तंत्र तयार केले. ज्ञात चित्राचा एक संख्यात्मक ठसा काढावयाचा आणि नव्याने आलेल्या चित्राचा ठसा त्याच्याशी जुळतो का, ते पाहावयाचे, असा हा प्रकार आहे. अमेरिकी कायद्याने कंपन्यांवर शोधण्याची सक्ती नाही; परंतु सापडल्यास तेथील बालक संरक्षण केंद्रास कळविण्याची आहे. एप्रिल २०१९ मध्ये आपल्या राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाने त्या केंद्राशी करार केला. तेव्हापासून भारताशी संबंधित सूचना दिल्लीस येतात, तेथून राज्याकडे आणि राज्याकडून जिल्हा पोलिसांकडे जातात. महाराष्ट्र सायबर विभागाने २०२० साली ‘ऑपरेशन ब्लॅकफेस’ ही मोहीम हाती घेतली. सर्वोच्च न्यायालयाने २३ सप्टेंबर २०२४ रोजी अशी चित्रे जवळ बाळगण्याबाबतचा कायदा कडकपणे लावला. हे योग्यच झाले. ज्या लातुरात शिक्षणासाठी गावोगावची मुले आईबापांपासून दूर वसतिगृहांत राहतात, तेथील पालकांना या संरक्षणाचे महत्त्व वेगळे सांगण्याची गरज नाही.

ठसा आणि तर्क

प्रश्न आहे तो ठसा जुळविण्याच्या पुढे यंत्र जेव्हा तर्क करू लागते तेव्हाचा. पूर्वी कोणी न पाहिलेल्या चित्रात गुन्हा आहे की नाही, हेही आता यंत्र ठरविते. त्याचा परिणाम काय होतो, हे सॅन फ्रान्सिस्कोतील एका पित्याने अनुभवले. फेब्रुवारी २०२१ मध्ये त्याने आजारी मुलाचे छायाचित्र डॉक्टरांसाठी काढले. गूगलच्या यंत्राने ते गुन्ह्याचे मानले. पोलिसांनी चौकशी करून त्यास निर्दोष ठरविले. कंपनीने त्याचे खाते मात्र परत दिले नाही. ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने ही हकीगत ऑगस्ट २०२२ मध्ये प्रसिद्ध केली. आपल्याजवळचे उदाहरण गुजरातचे आहे. आपण दोन वर्षांचे असताना आजी आंघोळ घालीत असल्याचे छायाचित्र साठविल्यामुळे गूगलने खाते बंद केले, अशी तक्रार घेऊन एक अभियंता उच्च न्यायालयात गेला आणि मार्च २०२४ मध्ये न्यायालयाने कंपनीला व सरकारला नोटिसा काढल्या.

आजीने पायांवर आडवे घेऊन न्हाऊ घातलेले उघडे बाळ, हे छायाचित्र मराठवाड्यातील किती घरांत नसेल? किनवटच्या एखाद्या पाड्यावरील आई लेकराच्या अंगावरील पुरळ नांदेडच्या डॉक्टर लेनमधील डॉक्टरांना मोबाइलवरूनच दाखविते. एसटीचे भाडे आणि दिवसाची मजुरी वाचते. उद्या यंत्राने त्या चित्रावर बोट ठेवले, तर तिने कोठे जावे? २०२१ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांनी तक्रार अधिकारी नेमावयास लावले, २०२३ च्या आरंभी अपील समित्याही स्थापन झाल्या. तरीही शिकल्यासवरल्या अभियंत्यास उच्च न्यायालय गाठावे लागले. किनवटच्या त्या आईने खंडपीठाची पायरी चढावी, अशी अपेक्षा कोणी करणार आहे काय?

सर्वांवरच संशय

‘लपविण्यासारखे काही नसेल तर भीती कशाची?’ असे विचारले जाते. मराठवाड्याला हा प्रश्न नवा नाही. निजामाच्या राजवटीत ‘गश्ती निशान ५३’ या फर्मानाने सभेसाठी आगाऊ परवानगी सक्तीची केली होती. ज्याने काही केले नाही, त्यालाही आधी संशयित मानावयाचे, हेच त्याचे मर्म होते. पुढे १९८६ साली संसदेने टपाल उघडण्याचे व्यापक अधिकार सरकारला देणारे विधेयक मंजूर केले, तेव्हा राष्ट्रपती झैलसिंग यांनी त्यास संमती दिली नाही. अॅपल कंपनीने ऑगस्ट २०२१ मध्ये ठसे जुळविण्याचे काम थेट मोबाइलमध्येच करण्याची योजना जाहीर केली, तेव्हाही जाणकारांचा आक्षेप हाच होता: आज यादी बालकांच्या चित्रांची आहे, उद्या एखाद्या सरकारने त्यात निषेधाचे फलक घातले तर यंत्रास फरक कळणार नाही. डिसेंबर २०२२ मध्ये कंपनीने ती योजना सोडून दिली.

झडतीलाच विरोध असण्याचे कारण नाही. जून २०२४ मध्ये नीट परीक्षेच्या प्रकरणात लातुरात गुन्हा नोंदला गेला, तेव्हा संशयितांचे मोबाइल तपासले गेले. तेथे आधी संशय होता आणि पुढे न्यायालय आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी खासगीपणाचा हक्क मान्य करताना, त्यावरील बंधनास कायद्याचा आधार, रास्त हेतू आणि प्रमाणशीरपणा हवा, असे बजावले आहे. २०२१ चे नियमही यंत्राच्या तपासणीवर माणसाची देखरेख असावी असे म्हणतात.

यास्तव मागणी साधी आहे. ज्ञात चित्रांचे ठसे कंपन्यांनी अवश्य जुळवावेत. परंतु केवळ यंत्राच्या तर्कावर कोणाचे नाव पोलिसांकडे जाऊ नये. आधी माणसाने, आणि वैद्यकीय चित्र असेल तर डॉक्टरने, ते पाहावे. खाते बंद केल्यास कारण त्या माणसाच्या भाषेत लेखी कळवावे, तपासास बाध येत असेल तेथे तपासानंतर कळवावे, आणि ठराविक मुदतीत त्याचे म्हणणे ऐकून घ्यावे. जिल्ह्यात किती सूचना आल्या आणि किती खोट्या ठरल्या, हे पोलिसांनी दरवर्षी जाहीर करावे. इतवाऱ्यातील झडतीला जो नियम आपण लावतो, तोच येथे लावावयाचा आहे. मुलाला छळणारा सापडलाच पाहिजे. पण त्याच्या शोधात त्या मुलाला न्हाऊ घालणारी आजी आरोपीच्या रांगेत उभी राहता कामा नये.