हळद पिकते, की फक्त तिचा रंग?

इस्लामी तत्त्वज्ञानाचा विषय निघाला की आपल्याकडच्या शिकल्यासवरल्या माणसाचंही उत्तर ठरलेलं असतं : ग्रीकांचं अरबीत उतरवलं, मग धर्मपंडित गझालींनी त्याला मूठमाती दिली, आणि आपल्या भागात त्यातलं काही पोचलंच नाही. तिन्ही गोष्टी चुकीच्या आहेत.

शेवटची आधी घेऊ. आपल्या मराठवाड्यातलं कुठलंही गाव, समजा वसमत तालुक्यातलं हट्टा, 1948 पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होतं. त्याच संस्थानात 1918 मध्ये उस्मानिया विद्यापीठ निघालं. शिकवण्याची भाषा उर्दू, म्हणून भाषांतरासाठी ‘दारुल तर्जुमा’ हे खास खातं. मराठी मुलांना उर्दूतून शिकावं लागलं याचा सल मराठवाड्यात अजून आहे, आणि तो रास्तच आहे. पण याच खात्याने शिराझचे तत्त्वज्ञ मुल्ला सद्रा यांच्या ‘अस्फार-ए-अरबा’ या अवाढव्य अरबी ग्रंथाचे भाग उर्दूत आणले. भाषांतरकार मनाझिर अहसन गिलानी आणि औरंगाबादेत 1903 मध्ये जन्मलेले, पुढे जमात-ए-इस्लामीचे संस्थापक झालेले मौदूदी. त्याच्याही कितीतरी आधी, अठराव्या शतकात, लखनौच्या फरंगी महालात आखलेल्या मदरशांच्या अभ्यासक्रमात सद्रांचा एक टीकाग्रंथ होता. पोरं त्या पुस्तकाला नुसतं ‘सद्रा’ म्हणत.

गझालींनी 1095 मध्ये इब्न सीनांसारख्या तत्त्वज्ञांवर हल्ला चढवला हे खरं. पण मुल्ला सद्रा शिराझमध्ये जन्मले 1571 च्या सुमारास, म्हणजे जवळपास पाच शतकांनी. मृत शास्त्रात कुणी एवढी मोठी भर घालत नाही. शिवाय गझालींचा एक मुख्य आक्षेप, ‘तत्त्वज्ञ देहासह पुनरुत्थान मानत नाहीत’ हा, सद्रांनी उचलला आणि तत्त्वज्ञानाच्याच वाटेने असं पुनरुत्थान सिद्ध करायला घेतलं.

आता नुसत्या भाषांतराचा आरोप. शेतातली हळद घ्या. कंद पोसतो, हे परिमाण बदललं. रंग गडद होतो, हा गुण. वाळवताना हळकुंडं उलथीपालथी करतात, ही ठेवण. गाडी वसमतच्या बाजारात जाते, ही जागा. इब्न सीना (मृत्यू 1037) म्हणत, गती असते ती या चार बाबतींतच. मूळ द्रव्य मात्र सरकत नाही. सद्रा विचारतात, आधारच जागचा हलत नसेल तर त्यावरचे बदल येतात कुठून? त्यांच्या मते हळद स्वतःच, तिचं असणंच, क्षणोक्षणी पुढे सरकत असतं. रंग नि आकार ही त्याची दिसणारी बाजू. हे ॲरिस्टॉटलमध्ये नाही आणि इब्न सीनांनी तर ते साफ नाकारलं होतं.

आत्म्याबाबतचा घोटाळा याहून मोठा. ‘आत्मा देहातून उपजतो’ एवढंच वाक्य ऐकून कुणी सद्रांना चार्वाकाच्या पंगतीत बसवतं. वाक्याचा उरलेला अर्धा भाग राहून जातो : उपजतो देहातून, टिकतो मात्र देहाशिवाय. गर्भ आधी वनस्पतीसारखा, बालक प्राण्यासारखं, मग बुद्धी जागी होते. आणि हा सगळा प्रवास त्याच एका द्रव्याच्या गतीचा. ज्ञानही यातच आलं. कळलेली गोष्ट मनात फोटोसारखी चिकटत नाही, जाणणारा आणि जाणलेलं एक होतात, माणूस त्या ज्ञानाने वाढतो. इब्न सीनांना हे पटलं नव्हतं. मला इथे सद्रांची बाजू जास्त भक्कम वाटते, कारण शिकून बदललेलं माणूस आपण सगळ्यांनीच पाहिलेलं असतं.

आत्मा देहाशिवाय टिकतो, मग हा पुनर्जन्मच झाला की, असं आपल्याला सहज वाटतं. नाही. सद्रांनी पुनर्जन्म स्पष्टपणे खोडला आहे, आणि तोही याच सिद्धान्ताच्या बळावर : गती पुढेच जाते, विकसित झालेला आत्मा पुन्हा नव्या गर्भाच्या कोऱ्या अवस्थेत परतू शकत नाही.

सद्रांनी काळाला द्रव्याच्या गतीचं माप मानलं, म्हणून त्यांना आइन्स्टाइनचा पूर्वज ठरवणारेही भेटतात. त्यात तथ्य नाही. सद्रांकडे ना मोजमाप आहे ना समीकरण. त्यांचा प्रश्न अस्तित्वाचा होता.

मुळातून वाचायचं असेल तर ‘अस्फार’ला एकदम हात घालू नका. सद्रांचाच ‘अल-अर्शिय्या’ हा छोटा ग्रंथ घ्या. त्याचं इंग्रजी भाषांतर झालेलं आहे.