शाळेचें छप्पर आणि गांवची पट्टी



मृग नक्षत्र लागण्यापूर्वीं घर शाकारून झालें पाहिजे, हा कोंकणांतला जुना दंडक आहे. लांकूडफांटा पडवींत येतो, कौलें चाळलीं जातात, पावसाची झड येते त्या बाजूस झापें बांधलीं जातात. घरधनी मुंबईस असला तरी गडी लावून हें काम करून घेतो. कारण घर त्याचें असतें. त्याच जून महिन्यांत गांवची शाळा उघडते. तिच्या कौलांकडे वैशाखांत कोणीं पाहिलेलें असतें? शाळा सरकारची, असें गांव म्हणतें. शाळा गांवची, असें कचेरी म्हणते. आणि या दोन वाक्यांच्या फटींतून पाणी मुलांच्या वह्यांवर ठिबकत राहतें. शाळागृहांची दुरुस्ती व सुधारणा यांसाठीं स्थानिक कराचा पैसा पूर्वीं कसा उभा राहिला आणि पुढें कसा उभा राहूं शकेल, याचा विचार आज आपल्यापुढें मांडावयाचा आहे.

इमारत बांधणें आणि इमारत राखणें हीं दोन निराळीं कामें आहेत, हें प्रथम ध्यानांत घेतलें पाहिजे. बांधकाम एकदां होतें. त्यास मोठी रक्कम लागते आणि ती सरकारकडून यावी हें योग्यच आहे. राखण मात्र दरवर्षीं करावी लागते; तिला रक्कम थोडी लागते, परंतु ती वेळेवर लागते. रत्नागिरी जिल्ह्यांत वर्षास सरासरी ३,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, आणि त्यांतील बहुतेक चार महिन्यांत. आपल्या जुन्या शाळांच्या भिंती जांभ्या चिऱ्याच्या आणि छपरें मंगळुरी कौलांचीं. वानराच्या उडीनें एक कौल सरकलें कीं पाणी प्रथम रिपेवर येतें. भिजलेली रीप कुजते, मागोमाग वासा कुजतो, कुजल्या लांकडास वाळवी लागते, आणि वासा खचला कीं भिंतीचा माथा उघडा पडतो. पहिल्या वर्षीं जें काम दोन गडी अर्ध्या दिवसांत करूं शकले असते, त्यासाठीं चौथ्या वर्षीं सारें छप्पर उतरवावें लागतें आणि अंदाजपत्रकाचा कागद जिल्ह्याच्या गांवीं धाडावा लागतो. स्लॅबच्या नव्या खोल्यांची कथा निराळी नाहीं. पन्हळ पानांनीं तुंबली कीं गच्चीवर पाणी सांचतें, आंतील लोखंड गंजून फुगतें आणि गिलावा सुटून मुलांच्या डोक्यावर येतो.

३ जून २०२० रोजीं निसर्ग चक्रीवादळानें दापोली व मंडणगड तालुक्यांत केवढी नासधूस केली, हें आपणांस ठाऊक आहे. मे २०२१ मध्यें तौक्ते वादळ आपल्या किनाऱ्यालगत गेलें. अशा आपत्तींत सरकारी साहाय्यावांचून गत्यंतर नसतें. तथापि वारा प्रथम हात घालतो तो खिळखिळ्या रिपांना. ज्या छपराची राखण झालेली असते, तें वाऱ्यासमोर अधिक काळ टिकतें.

आतां मागील काळाकडे पाहूं. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास मुंबई इलाख्यांत अशी पद्धति होती कीं, ज्या गांवास शाळा हवी त्यानें मास्तरांचा अर्धा पगार द्यावा आणि शाळेस जागाही द्यावी. ही वर्गणी पिकापाण्यावर अवलंबून असल्यामुळें तिचा भरंवसा नसे. म्हणून १८६३ पासून जमीनमहसुलाच्या दर रुपयामागें एक आणा अशी लोकल फंडाची पट्टी बसली. तिचा एक तृतीयांश शाळांकडे जाई आणि उरलेला रस्ते वगैरे कामांकडे. १८६९ च्या कायद्यानें या पट्टीस रीतसर आधार मिळाला. १८८२ सालीं हंटर कमिशनपुढें महात्मा जोतीराव फुले यांनीं जें निवेदन केलें, त्याचा रोख हाच होता कीं, पैसा रयतेच्या घामांतून येतो, तर त्याचा लाभ रयतेच्या मुलांच्या प्राथमिक शिक्षणास अधिक मिळाला पाहिजे. करासंबंधीं विचारावयाचा पहिला प्रश्न आजही हाच आहे: देतो कोण आणि पावतें कोणास?

या प्रश्नाचें नीट बांधेसूद उत्तर आपल्याच जिल्ह्याच्या एका सुपुत्रानें मांडलें. कोतळूक गांवीं जन्मलेले नामदार गोपाळ कृष्ण गोखले यांनीं १६ मार्च १९११ रोजीं मध्यवर्ती कायदेमंडळांत प्राथमिक शिक्षणाचें विधेयक आणलें. स्थानिक संस्थांना शिक्षणासाठीं स्वतंत्र कर बसविण्याची मुभा द्यावी आणि खर्चाचा एक हिस्सा त्यांनीं, तर दोन हिस्से सरकारनें उचलावे, अशी त्यांची योजना होती. १९ मार्च १९१२ रोजीं तें विधेयक १३ विरुद्ध ३८ मतांनीं फेटाळलें गेलें. विधेयक पडलें, परंतु त्यांतील हिशेब पडला नाहीं. गांव कांहींच देत नसेल तर त्याची नजर कामावर राहत नाहीं. सर्वच गांवानें द्यावयाचें म्हटलें तर गरीब गांव शाळेवांचून राहतें. एकास दोन हें प्रमाण या दोन्ही संकटांमधून वाट काढतें. पुढें १९१७ सालीं कोल्हापुरांत राजर्षि शाहू छत्रपतींनीं सक्तीच्या व मोफत प्राथमिक शिक्षणाचा कायदा केला.

कोणी म्हणेल, कर कशाला? कोंकणी मनुष्य गांवासाठीं वर्गणी देतोच कीं. तें खरें आहे. १८८६ सालीं धोंडो केशव कर्वे यांनीं व त्यांच्या सोबत्यांनीं मुरूड फंड उभारला आणि बाहेरगांवीं कमावणाऱ्या मुरूडकरांचा पैसा गांवच्या कामीं लावला. परंतु प्रत्येक गांवास कर्वे लाभत नाहींत. शिवाय वर्गणीचा एक स्वभाव आहे. प्रवेशद्वार, रंगमंच, संगणकाची खोली, यांना दाता मिळतो, कारण तेथें नांवाची पाटी लागते. पन्हळ साफ करणें, चार वासे बदलणें, मुलींच्या शौचालयाचें मोडकें दार बसविणें, यांवर कोणाचें नांव कोरावयाचें? जें काम दिसत नाहीं आणि दरवर्षीं करावें लागतें, त्यास उत्साह पुरत नाहीं; त्यास नेमणूकच हवी. कर म्हणजे अशी नेमणूक.

मग कर आहेत ते कोठें जातात? १ मे १९६२ रोजीं महाराष्ट्रांत जिल्हा परिषदा अस्तित्वांत आल्या आणि प्राथमिक शाळा त्यांच्याकडे गेल्या. १९६१ च्या कायद्यानें जमीनमहसुलाच्या दर रुपयामागें २० पैसे उपकर ठेवला. जुना एक आणा म्हणजे सव्वासहा पैसे. म्हणजे दर तिपटीहून अधिक झाला. पण ज्या महसुलावर तो बसतो, तो आपल्या वरकस जमिनींवर मुळांत अल्प, आणि आकार जुन्या काळचा. मजुरी वाढली, कौलांची व लांकडाची किंमत वाढली, महसूल होता तेथेंच राहिला. २००४ पासून केंद्र सरकारनें आपल्या करांवर दोन टक्के शिक्षण उपकर घेण्यास आरंभ केला. २०१८ पासून आयकरावर आरोग्य व शिक्षण मिळून चार टक्के झाला. तो पैसा दिल्लीस जाऊन योजनांच्या वाटेनें परत येतो. समग्र शिक्षा योजनेंत ३० हून अधिक व १०० पर्यंत मुलें असलेल्या शाळेस वर्षास २५,००० रुपयांचें अनुदान ठरविण्यांत आलें. त्यांत खडूफळ्यापासून किरकोळ दुरुस्तीपर्यंत सर्व भागवावयाचें. शिवाय अनुदान मुलांच्या संख्येवर मोजलें जातें, पाऊस मात्र पटसंख्या पाहून पडत नाहीं. १२ मुलांच्या शाळेचें छप्पर ६० मुलांच्या शाळेइतकेंच गळतें.

म्हणून ज्या कराकडे मी आपलें लक्ष वेधूं इच्छितों, तो ग्रामपंचायतीची घरपट्टी होय. ती माणसावर नसून घरावर आहे. आपल्या गांवांत कितीएक घरें गणपति आणि शिमगा सोडून वर्षभर बंद असतात. धनी मुंबई-पुण्यास असतात. वर्गणीचें पुस्तक त्यांच्यापर्यंत कधीं पोंचतें, कधीं नाहीं. घरपट्टी मात्र बंद घरासही चुकत नाहीं. घरपट्टीच्या दरांस शासनाच्या नियमांनीं किमान व कमाल मर्यादा घातल्या आहेत. त्या मर्यादेंत राहून उत्पन्नाचा ठराविक भाग शाळेच्या राखणीसाठीं वेगळा काढणें, ही कल्पना परकी नाहीं. आपल्या उत्पन्नांतून १५ टक्के मागासवर्गीयांसाठीं आणि १० टक्के महिला व बालकल्याणासाठीं राखून ठेवण्याची शिस्त ग्रामपंचायतींना परिचित आहेच.

उदाहरणादाखल ३०० घरांचें गांव घेऊं. घरामागें वर्षास १०० रुपये, म्हणजे महिन्यास साडेआठ रुपयांच्या आंत, बाजूला पडले तर ३०,००० रुपये होतात. गोखल्यांच्या प्रमाणानें वरून दोन हिस्से मिळाले तर ९०,००० रुपये. गांवानें आपला हिस्सा आधीं ठेवून दाखविला, तर उरलेले दोन मागण्यास तोंड राहतें.

येथें तीन पथ्यें सांगितलीं पाहिजेत. पहिलें, हा भार घरावर असावा, मुलावर नसावा. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यानें सहा ते चौदा वर्षांच्या मुलांचें शिक्षण मोफत केलें आहे; दुरुस्तीच्या नांवानें पालकांकडून सक्तीची वर्गणी घेणें त्या कायद्याच्या हेतूस विरुद्ध होय. दुसरें, रक्कम निराळ्या खात्यांत असावी आणि तिचा जमाखर्च शाळेच्या फळ्यावर लिहिला जावा. त्याच कायद्यानें शाळा व्यवस्थापन समितींत तीन चतुर्थांश पालक असतात. पावसाळ्यापूर्वीं छपराची पाहणी त्यांनीं करावी. इमारत परिषदेची असल्यानें मोठ्या कामास तिच्या बांधकाम खात्याची संमति घ्यावी.

तिसरें पथ्य सर्वांत महत्त्वाचें. सारा भार गांवावर टाकूं नये. अमेरिकेंत शाळांचा पुष्कळसा खर्च स्थानिक मालमत्ता-करांतून चालतो. परिणाम असा कीं, श्रीमंत वस्तीची शाळा श्रीमंत आणि गरीब वस्तीची गरीब. टेक्सासमधील गरीब वस्तीच्या पालकांनीं याविरुद्ध दाद मागितली. १९७३ सालीं तेथील सर्वोच्च न्यायालयानें पांच विरुद्ध चार मतांनीं ती नाकारली. बंदरालगतचें, आंबाबागांचें गांव आणि सह्याद्रीच्या कुशींतली धनगरवाडी यांची घरपट्टी सारखी येणार नाहीं. जेथें घरें थोडीं व मातीचीं, तेथें सरकारचे दोन हिस्से अडीच किंवा पावणेतीनही झाले पाहिजेत.

शेवटीं एका शंकेचें उत्तर दिलें पाहिजे. पट उतरत चालला आहे, उद्यां बंद पडावयाच्या शाळेवर पैसा कां घालावा, असें पुष्कळ लोक बोलतात. पण पट केवळ जन्मसंख्येनें उतरत नाहीं. गळक्या वर्गांत मूल बसविण्यापेक्षां त्यास तालुक्याच्या गांवीं न्यावें, असें ज्यास परवडतें तो पालक ठरवितो; ज्यास परवडत नाहीं त्याचें मूल त्याच ओल्या जमिनीवर राहतें. शाळा मग पट नाहीं म्हणून दुरुस्त होत नाहीं, आणि दुरुस्त नाहीं म्हणून पट राहत नाहीं. हें चक्र कोठें तरी तोडलें पाहिजे, आणि तें छपरापासून तोडणें सर्वांत स्वस्त आहे.

कौलें वैशाखांत चाळावयाचीं, तर पैसा त्यापूर्वीं हातीं हवा. तेव्हां २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेंत हा विषय मांडावा, पुढील वर्षाच्या अंदाजपत्रकांत रकमेची तरतूद करावी, होळीपर्यंत लांकूड व कौलें आणून ठेवावींत. शाळा उघडण्याच्या दिवशीं मुलें आंत येतील, तेव्हां त्यांना वर पाहण्याचें कारण पडूं नये, इतकेंच साधावयाचें आहे.