‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ आणि मॅकचा नवा प्रोसेसर

प्रोसेसर ज्या आज्ञांचा अंमल करतो, त्यांचा संच प्रत्येक घराण्याचा निराळा असल्यामुळे, इंटेलसाठी सिद्ध केलेला खेळ एआरएम घराण्याच्या प्रोसेसरवर जसाच्या तसा चालणे संभवत नाही. म्हणूनच अ‍ॅपलने १० नोव्हेंबर २०२० रोजी मॅकसाठी ‘एम १’ हा एआरएम घराण्यातील प्रोसेसर जाहीर केला, तेव्हा जुन्या प्रोग्रॅमांसाठी ‘रोझेटा २’ या अनुवादक व्यवस्थेची तजवीजही केलेली होती. इंटेलच्या आज्ञांचे रूपांतर ती बव्हंशी खेळ सुरू होण्यापूर्वीच करून ठेवते, आणि हे तिचे कर्तृत्व निःसंशय मोठे आहे. तथापि दुभाष्यामार्फत चाललेल्या संभाषणाला प्रत्यक्ष संवादाची त्वरा सहसा येत नाही.

ब्लिझार्ड या खेळनिर्मात्या कंपनीने या सोयीवर विसंबून न राहता, नवे मॅक ग्राहकांच्या हाती पडू लागले त्याच महिन्यात, ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ या आपल्या खेळाची एआरएमसाठी खास बांधलेली, अर्थात नेटिव्ह, आवृत्ती दाखल केली. २००४ साली प्रसिद्ध झालेला हा खेळ त्यापूर्वी मॅकच्या जुन्या पॉवरपीसी प्रोसेसरवरून इंटेलवरही असाच सुखरूप स्थलांतरित झाला होता. सोळा वर्षे जुन्या खेळाची इतकी तत्पर निगा राखणे, ही आमच्या मते खेळाडूंविषयीच्या आदराची खरी साक्ष होय.

इतर निर्मात्यांनीही आता विलंब करू नये; कारण अ‍ॅपलने २०२५ मध्ये केलेल्या घोषणेनुसार रोझेटाची सर्वसाधारण मुभा मॅकओएस २७ पर्यंतच राहणार असून, त्यानंतर ती काही जुन्या खेळांपुरतीच मर्यादित होईल.