वसतिगृहानं सांभाळलेली भाषा

वॉशिंग्टनच्या गॅलॉडेट विद्यापीठाच्या पदवीपत्रावर अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांची सही असते. १८६९ साली पहिल्या पदवीदान समारंभात तिघांना पदव्या मिळाल्या, त्यांवर युलिसिस ग्रँट यांची सही होती. तेव्हापासून ही प्रथा चालत आली आहे. त्याआधी, ८ एप्रिल १८६४ रोजी, यादवी युद्ध चालू असतानाच अब्राहम लिंकन यांनी कर्णबधिरांना उच्च शिक्षणाच्या पदव्या देण्याचा अधिकार या संस्थेला दिला होता. असा अधिकार मिळालेली जगातली ही पहिलीच संस्था. देशाचा प्रमुख जिथल्या पदव्यांवर सही करतो, त्या संस्थेच्या प्रमुखपदी मात्र पुढची १२४ वर्षं एकही कर्णबधिर माणूस बसला नाही.

गॅलॉडेटच्या विद्यार्थ्यांच्या प्रथा, त्यांचे खेळ, त्यांची मंडळं यांच्याविषयी जे लिहिलं जातं ते बहुधा गमतीजमतींच्या अंगानं. मला मात्र त्यांत एका भाषेचा इतिहास दिसतो. जिला विद्वानांनी भाषा मानलं नाही आणि शिक्षणतज्ज्ञांनी शाळांतून घालवून दिलं, ती खुणांची भाषा या आवारातल्या वसतिगृहांत आणि मैदानांवर राहिली, वाढली. पुढे तिच्याच जोरावर मुलांनी आपल्या विद्यापीठाचा कारभार कोणाच्या हाती असावा, हा प्रश्न विचारला.

संस्थेची सुरुवात १८५७ सालची. राष्ट्राध्यक्ष अँड्र्यू जॅक्सन यांच्या मंत्रिमंडळात टपालखातं सांभाळलेले एमॉस केंडल यांनी शहराच्या ईशान्येला आपलं घर आणि दोन एकर जमीन दिली. मुख्य म्हणून नेमले गेलेले एडवर्ड माइनर गॅलॉडेट अवघ्या वीस वर्षांचे होते. त्यांची आई सोफिया स्वतः कर्णबधिर. मुलांच्या राहण्याजेवण्याची व्यवस्था तिनं हाती घेतली. वडील थॉमस हॉपकिन्स गॅलॉडेट यांनी १८१७ साली हार्टफर्डला अमेरिकेतली कर्णबधिरांची पहिली कायमस्वरूपी शाळा काढली होती, तीही पॅरिसहून आणलेल्या लोराँ क्लेर या कर्णबधिर शिक्षकाच्या बळावर. क्लेर यांच्या फ्रेंच खुणा आणि मुलांनी गावाकडून आणलेल्या खुणा यांच्या मिसळणीतून आजची अमेरिकन खुणांची भाषा घडली. गॅलॉडेटच्या आवारात १८८९ सालचा एक पुतळा आहे, डॅनियल चेस्टर फ्रेंच या शिल्पकाराचा. लिंकन स्मारकातला भव्य लिंकन पुढे यांनीच घडवला. इथं थॉमस गॅलॉडेट बसले आहेत, शेजारी अ‍ॅलिस कॉग्सवेल ही त्यांची पहिली विद्यार्थिनी उभी आहे, आणि दोघांच्या मुठी इंग्रजी वर्णमालेतलं पहिलं अक्षर दाखवताहेत.

या पुतळ्याच्या नऊ वर्षं आधी, १८८० साली, इटलीतल्या मिलान शहरात कर्णबधिरांच्या शिक्षकांची आंतरराष्ट्रीय परिषद भरली. शिक्षण तोंडी बोलण्यातूनच द्यावं, खुणा वर्ज्य कराव्यात, असा ठराव तिथं प्रचंड बहुमतानं झाला. मत देणाऱ्यांत स्वतः कर्णबधिर असे एकटे जेम्स डेनिसन होते, वॉशिंग्टनच्या केंडल शाळेचे मुख्याध्यापक. एडवर्ड गॅलॉडेट यांनी तिथं विरोध केला, पण मूठभर अमेरिकनांचं कोण ऐकणार? पुढच्या चाळीस वर्षांत अमेरिकेतल्याही बहुतेक शाळांमधून खुणा हद्दपार झाल्या. मुलांनी आरशासमोर बसून ओठांच्या हालचाली घोकाव्यात आणि हात स्थिर ठेवावेत, असा शिरस्ता पडला. टेलिफोनचे जनक अलेक्झांडर ग्रॅहम बेल या मताचे सर्वांत वजनदार पुरस्कर्ते होते. त्यांची आई आणि पत्नी दोघीही कर्णबधिर होत्या, तरी खुणांमुळे ही माणसं समाजापासून तुटतात अशी त्यांची ठाम समजूत होती. गॅलॉडेटमध्ये वर्गात खुणा चालू राहिल्या हे खरं. पण १८९१ साली शिक्षक घडवण्याचा विभाग निघाला, तेव्हा त्यात प्रवेश होता तो फक्त ऐकू येणाऱ्यांना. शिकायला कर्णबधिर आणि शिकवायला ऐकणारे, ही घडी तेव्हाच बसली.

या काळात विद्यार्थी काय करत होते? १८९२ साली त्यांनी ‘बफ अँड ब्लू’ हे स्वतःचं नियतकालिक काढलं. त्याच दशकात फुटबॉलच्या मैदानावर पॉल हबर्ड या खेळाडूनं आपल्या साथीदारांना वर्तुळात गोळा करून पुढची चाल सांगायला सुरुवात केली. समोरचा संघ कर्णबधिर शाळेचा असला की त्याला यांच्या खुणा लांबून वाचता येत. म्हणून पाठी बाहेर आणि हात आत. अमेरिकन फुटबॉलमध्ये आज प्रत्येक संघ असं कोंडाळं करतो, आणि त्याचा उगम गॅलॉडेटमध्ये मानला जातो. पुढे तिथल्या मैदानावर मोठा ढोलही आला. त्याचे ठोके कानांना कळोत न कळोत, छातीला आणि पायांना कळतात.

मुलींची कथा वेगळी. १८८७ साली त्यांना प्रयोग म्हणून प्रवेश मिळाला. राहायला जागा नव्हती, म्हणून त्यांची सोय प्राचार्यांच्या घरात झाली. मुलांच्या वाङ्मयमंडळात त्यांना बरोबरीचं स्थान नव्हतं. तेव्हा अगाथा टीगल आणि तिच्या मैत्रिणींनी १८९२ साली स्वतःचं गुप्त मंडळ स्थापलं. त्यात वाचन, वादविवाद, कवितावाचन सगळं मुलींचंच. दुसऱ्या वर्षी अगाथा पदवीधर झाली आणि समारंभात तिनं स्त्रियांच्या बुद्धीविषयी भाषण केलं. स्त्री मागे राहिली ती बुद्धी कमी म्हणून नव्हे, संधी नाकारली म्हणून, हे तिचं प्रतिपादन होतं. ते तिनं हातांनी मांडलं. वादविवादाचं शिक्षण कुठल्याही प्राध्यापकानं तिला दिलं नव्हतं, ते त्या बंद दारामागच्या मंडळात मिळालं होतं.

भाषा बुडेल या भीतीनं गॅलॉडेटच्या माजी विद्यार्थ्यांनी जे केलं, ते मला फार मोठं वाटतं. जॉर्ज वेडिट्झ राष्ट्रीय कर्णबधिर संघटनेचे अध्यक्ष असताना वर्गणीतून पाच हजार डॉलर उभे राहिले, आणि चलच्चित्राचं तंत्र बाल्यावस्थेत असतानाच उत्तम खुणाकारांची भाषणं फितींवर घेतली गेली. १९१३ सालच्या फितीत वेडिट्झ स्वतः उभे राहून ही भाषा जपण्याचं आवाहन करतात. लिहिता न येणाऱ्या भाषेचा पुरावा ठेवण्याचा हा मार्ग त्यांना तेव्हा सुचला, म्हणून शंभर वर्षांपूर्वीचे हात आज वाचता येतात.

तरीही ही ‘खरी’ भाषा आहे असं म्हणायला एक परका माणूस यावा लागला. विल्यम स्टोकी १९५५ साली इंग्रजी विभागाचे प्रमुख म्हणून आले. ते मध्ययुगीन इंग्रजीचे अभ्यासक, खुणांचं ज्ञान यथातथाच. पण प्राध्यापक बोलता बोलता ज्या खुणा करतात त्या एक आणि मुलं आपसांत ज्या करतात त्या दुसऱ्याच, हे त्यांच्या लक्षात आलं. मुलांच्या खुणांमध्ये हाताचा आकार, तो शरीरापाशी कुठे आहे ती जागा आणि त्याची हालचाल असे घटक त्यांनी वेगळे काढले, आणि १९६० साली दाखवून दिलं की शब्द जसे ध्वनींचे बनतात तशा खुणा या घटकांच्या बनतात. १९६५ चा कोश त्यांनी डॉरोथी कॅस्टरलाइन आणि कार्ल क्रोनेबर्ग या कर्णबधिर सहकाऱ्यांबरोबर रचला. आवारात या कामाची टवाळी झाली. टवाळी करणाऱ्यांत कर्णबधिरही होते, आणि त्यांना दोष देणं मला जमत नाही. आपण बोलतो ती भाषाच नव्हे, असं लहानपणापासून ऐकवलेल्या माणसाला तिच्या व्याकरणाची बातमी थट्टाच वाटणार.

या कामाचा धागा मुंबईपर्यंत येतो. हिमाचलातल्या खेड्यात लहानपणीच श्रवणशक्ती गेलेले मदन वसिष्ठ १९६७ साली गॅलॉडेटला शिकायला गेले. पुढे त्यांनी जेम्स वुडवर्ड यांच्यासोबत दिल्ली, कोलकाता, मुंबई आणि बंगळूर इथल्या कर्णबधिरांच्या खुणा नोंदवल्या. शहरागणिक शब्दसंग्रह बदलतो, पण व्याकरणाचा सांगाडा एकच आहे, असा या अभ्यासाचा निष्कर्ष होता. म्हणजे ज्या मुलांना आपल्या शाळांत हात खाली ठेवायला सांगितलं जात होतं, त्यांनी देशभर पसरलेली एक भाषा आधीच उभी केली होती. वांद्र्याच्या अली यावर जंग संस्थेत भारतीय खुणांच्या भाषेचा कक्ष २००१ साली सुरू झाला.

आता १९८८ चा मार्च. गॅलॉडेटच्या प्रमुखपदासाठी तीन नावं उरली होती. आय. किंग जॉर्डन आणि हार्वी कॉर्सन हे दोघे कर्णबधिर, तर एलिझाबेथ झिन्सर ऐकू येणाऱ्या, आणि त्यांना खुणा येत नव्हत्या. कर्णबधिर अध्यक्ष हवा या मागणीसाठी १ मार्चला मोठी सभा झाली. ६ मार्चच्या रविवारी संध्याकाळी नियामक मंडळानं झिन्सर यांची निवड केली, आणि ही बातमी आवारात छापील पत्रकातून पोचली. संतापलेली मुलं रस्त्यानं चालत थेट मेफ्लॉवर हॉटेलवर गेली, कारण मंडळाची बैठक तिथं चालू होती. सोमवारी पहाटे विद्यापीठाच्या फाटकांपुढे गाड्या आडव्या लागल्या, त्यांच्या चाकांतली हवा सोडलेली.

मागण्या चार होत्या. झिन्सर यांनी जावं आणि कर्णबधिर अध्यक्ष यावा, मंडळाच्या अध्यक्षा जेन स्पिलमन यांनी राजीनामा द्यावा, मंडळात ५१ टक्के सभासद कर्णबधिर असावेत, आणि कोणावरही सूडाची कारवाई होऊ नये. त्याच दिवशी स्पिलमन व्यायामशाळेच्या सभागृहात बोलायला उभ्या राहिल्या, आणि आगीची घंटा वाजू लागली. व्यासपीठावर ऐकू येणाऱ्यांना बोलणं अशक्य झालं, समोरच्या शेकडो विद्यार्थ्यांना त्या घंटेचा काडीचाही त्रास नव्हता. कोण कोणाच्या जगात पाहुणा आहे, हे या प्रसंगाइतकं स्वच्छ कुठल्याच भाषणानं सांगितलं नसतं. मुलं उठली आणि निघून गेली.

ग्रेग ह्लिबोक, टिम रेरस, ब्रिजेटा बोर्न आणि जेरी कॉवेल हे चार विद्यार्थी नेते. चौघांचेही आईवडील कर्णबधिर. खुणांची भाषा त्यांना शाळेनं नव्हे, घरानं दिली होती, त्यामुळे ती लपवायची असते हे त्यांना ठाऊकच नव्हतं. बाहेरून येणारे असंख्य फोन स्वयंसेवक दुभाषे घेत होते. बुधवारी रात्री ह्लिबोक राष्ट्रीय दूरचित्रवाणीवर झिन्सर यांच्या समोर आले. गुरुवारी झिन्सर यांनी पद सोडलं. शुक्रवारी मोर्चा संसदभवनाकडे निघाला तेव्हा पुढे जो फलक होता, तो मार्टिन ल्यूथर किंग यांच्या जयंतीची राष्ट्रीय सुट्टी मिळवण्याच्या चळवळीत वापरलेला. रविवारी, १३ मार्चला, जॉर्डन अध्यक्ष झाले, स्पिलमन गेल्या आणि फिल ब्रेविन हे कर्णबधिर गृहस्थ मंडळाचे प्रमुख झाले. चारही मागण्या आठवड्यात मान्य. दोन वर्षांनी अपंगांच्या हक्कांचा व्यापक कायदा अमेरिकेत आला, आणि त्यासाठीचं वातावरण तयार करणाऱ्या घटनांत या आठवड्याचं नाव घेतलं जातं.

जॉर्डन यांची श्रवणशक्ती एकविसाव्या वर्षी मोटारसायकलच्या अपघातात गेली होती. खुणा त्यांनी मोठेपणी शिकल्या. १९८८ साली कोणी ते मनावर घेतलं नाही. २००६ साली मात्र जेन फर्नांडिस यांच्या निवडीवरून आवार पुन्हा बंद पडलं. त्या कर्णबधिर होत्या, पण तोंडी पद्धतीत वाढलेल्या. निवडीची रीत, त्यांची कारभाराची शैली आणि कृष्णवर्णीय उमेदवाराला अंतिम यादीत स्थान न मिळणं, अशी तक्रारींची सरमिसळ होती. ऑक्टोबरात शंभराहून अधिक आंदोलकांना अटक झाली आणि अखेर मंडळानं निवड मागे घेतली. हे आंदोलन पहिल्याइतकं निर्मळ नव्हतं, आणि फर्नांडिस यांच्यावर त्यात अन्याय झाला असं मला वाटतं. कर्णबधिर कोण हे ठरवण्याचा अधिकार हाती आला, की त्याचा वापर आपल्यातल्याच कोणाला वगळण्यासाठीही होऊ शकतो.

आणि वगळण्याचा सर्वांत जुना हिशेब वंशाचा होता. आवारातल्याच केंडल शाळेत विसाव्या शतकाच्या आरंभी कृष्णवर्णीय मुलांची दारं बंद झाली. त्यांना बाल्टिमोरजवळच्या वेगळ्या शाळेत पाठवलं जाई. १९५२ साली लुईस मिलर या आईनं आपल्या मुलासाठी खटला भरला आणि ती जिंकली. तरी शाळेनं त्या मुलांना मुख्य वर्गांत घेतलं नाही, आवारातच त्यांच्यासाठी वेगळी इमारत आणि वेगळे शिक्षक दिले. शाळांतला वर्णभेद सर्वोच्च न्यायालयानं १९५४ साली बेकायदा ठरवल्यावर ती व्यवस्था मोडली. त्याच वर्षी अँड्र्यू फॉस्टर हे गॅलॉडेटचे पहिले कृष्णवर्णीय पदवीधर झाले. पुढे त्यांनी आफ्रिकेत कर्णबधिरांसाठी तीसहून अधिक शाळा काढल्या. केंडलच्या त्या वेगळ्या इमारतीत शिकलेल्या २४ मुलांना मात्र शाळेचं प्रमाणपत्र कधी मिळालंच नव्हतं. जुलै २०२३ मध्ये विद्यापीठानं समारंभ करून ती प्रमाणपत्रं दिली. हयात असलेले माजी विद्यार्थी आले होते, बाकीच्यांची त्यांच्या नातेवाइकांनी स्वीकारली. लुईस मिलर यांच्या नावाचं स्मारक आवारात उभारण्याचं कामही विद्यापीठानं हाती घेतलं आहे.