व्हॅनिटी वळणार कुठे?

माझ्या गाडीच्या टपावर कायम एक बांबू बांधलेला असतो. लांबी बारा फूट तीन इंच, एका टोकाला लाल चिंधी. एकदा टोलनाक्यावर हवालदारांनी विचारलं, "हे काय, पालखीला निघालात?" म्हटलं, "नाही साहेब, हिरॉइनची खोली मोजायला." ते हसले नाहीत. मग सगळं उलगडून सांगावं लागलं.

सिनेमाच्या युनिटमध्ये माझं काम गाड्यांचं. कॅमेऱ्याचा टेम्पो, लाइटचा ट्रक, जनरेटर, मेकअपवाल्यांची ट्रॅव्हलर आणि सगळ्यांत नाजूक म्हणजे व्हॅनिटी. बसच्या सांगाड्यावर बांधलेलं चालतं-फिरतं घर: सोफा, आरसा, पलंग, संडास, पाण्याची टाकी आणि टपावर एसी. पूनम ढिल्लों यांनी ही चाल आपल्याकडे रुजवली असं इंडस्ट्रीत सांगतात. त्याआधी नट्या झाडाआड चादर धरून कपडे बदलायच्या, तेव्हा व्हॅनिटीला नावं ठेवणारा मी नाही. पण हे घर गोरेगावहून वाईला न्यायचं म्हणजे काय असतं, ते त्या सोफ्यावर बसणाऱ्याला कधीच कळत नाही. कळू नये, यासाठीच मला पगार मिळतो.

वाईचं नाव घेतलं कारण आमचा निम्मा जन्म तिथे गेलाय. मेणवलीचा घाट, नाना फडणविसांचा वाडा, कृष्णाकाठ. 'स्वदेस' (२००४) मधलं चरणपूर आणि 'दबंग' (२०१०) मधलं लालगंज, पडद्यावर दोन्ही उत्तर प्रदेशात. आम्ही मात्र ती गावं वाईच्या एसटी स्टँडवरून चहा पिऊन गाठतो.

आता हिशेब बघा. आमची मोठी व्हॅनिटी अडतीस फूट लांब. रुंदी कायद्याने जास्तीत जास्त २.६ मीटर, म्हणजे साडेआठ फूट. आणि गावाकडचा एकेरी डांबरी रस्ता ३.७५ मीटरचा, म्हणजे सव्वाबारा फूट. समोरून दुसरी मोठी गाडी आली की एकाला साइडपट्टीवर उतरावंच लागतं. पावसाळ्यात त्या साइडपट्टीची खात्री कुणी द्यायची? वरून हिरवी, खालून शिरा. शिवाय मागच्या चाकांच्या मागे दहा फूट धड लोंबतं. डावीकडे वळताना ते उजवीकडे झोकतं. ड्रायव्हर लोक म्हणतात, "शेपूट मारते." दुकानाची पायरी, उभी केलेली मोटारसायकल, तुळशीवृंदावन, शेपटीला सगळं सारखंच.

या धंद्यात मी शिकलो ते एका रात्रीत. खंबाटकीत ट्रक उलटला होता. तेव्हा साताऱ्याकडे जाताना घाट चढायचा आणि येताना बोगदा, अशी व्यवस्था होती. घाट अडला की सगळंच अडलं. आमचा ताफा शिरवळच्या अलीकडे. सकाळी सातचा कॉल टाइम. मी मोबाइलवर नकाशा उघडला. निळी रेघ म्हणाली, भोरवरून जा, मांढरदेव चढून वाईत उतर. तो रस्ता खरा आहे, आहे तसा सांगितला तर चालण्यासारखाही. पण भोरच्या आधी त्या रेघेने आणखी एक 'जवळचा' फाटा काढला. मी नवा होतो. व्हॅनिटीचे ड्रायव्हर मामा, पन्नाशीचे, तंबाखू मळत एवढंच म्हणाले, "दादा, इकडून दुधाची गाडी गेलेली दिसत नाही." मी म्हटलं, "मामा, नकाशा दाखवतोय ना."

किलोमीटरभर आत गेल्यावर रस्ता दोन घरांच्या मधून गेला आणि मारुतीच्या पारापाशी संपला. पुढे नांगरट. नकाशातली रेघ नांगरटीतूनही पुढे गेलेली होती. ती पायवाट असणार.

रात्रीचे तीन. कुत्री जागी झाली, मग माणसं. एक आजोबा घोंगडी सावरत आले, व्हॅनिटीकडे नखशिखांत बघितलं आणि म्हणाले, "पावणं, हितं यष्टीबी वळत न्हाय. फाट्याव हुबी ऱ्हाती." मग सबंध किलोमीटर रिव्हर्स. क्लीनर पोरगा मागे बॅटरी घेऊन चालतोय, पत्र्यावर थाप मारतोय. एक थाप म्हणजे थांब, दोन म्हणजे चल. एसटीच्या घंटीचाच नियम. मामांनी आरशावरची नजर हलवली नाही. सवाचारला डांबरी फाट्याला लागलो. मामांनी खाली उतरून तंबाखूची गुळणी टाकली आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "रस्ता कुणीबी शोधतंय दादा. वळायची जागा शोधायला शिका."

आणि आजोबांच्या वाक्यात तर अख्खा अभ्यासक्रम होता, तो हळूहळू लक्षात आला. ज्या गावात एसटी मुक्कामाला येते, त्या गावात एवढी मोठी गाडी वळवायची जागा असतेच, कारण पहाटे तिला परत निघायचं असतं. त्यामुळे आजही लोकेशन बघायला, म्हणजे रेकीला गेलो की मी दिग्दर्शकाच्या आधी स्टँडवरच्या वाहतूक नियंत्रकाकडे जातो. कुठल्या गावाला मोठी गाडी जाते, कुठे मिनी पाठवतात, कुठे पावसात फेरी बंद ठेवतात, हे त्यांना तोंडपाठ असतं. चहा पाजला की कुठल्या वळणावर कुणाची म्हैस बांधलेली असते तेही सांगतात.

पण एसटीचं ऐकून अर्धंच काम होतं. गावाकडच्या साध्या एसटीच्या टपावर आमच्यासारखा एसी नसतो. उंचीचं ज्ञान उसाकडून मिळतं. गाळपाच्या हंगामात ट्रॅक्टरमागे दोन-दोन ट्रॉल्या, वर उसाचा डोंगर. त्या जिथून जातात तिथल्या फांद्या आपोआप साफ झालेल्या असतात, तारांना पाचट अडकलेलं दिसतं. पाचट किती उंचीवर लोंबतंय ते बघायचं. लांबी एसटीला विचारायची, उंची उसाला. तोट्याची बाजू अशी की याच हंगामात भुईंजच्या कारखान्याकडे जाणाऱ्या ट्रॉल्यांच्या मागे सापडलात तर कॉल टाइम विसरा. त्यांना हॉर्न देऊन उपयोग नसतो, पुढे गाणी लावलेली असतात.

सुरूर फाट्यावरून वाईकडे वळलं की दोन्ही बाजूंनी जुनी वडाची झाडं. माझ्या मते महाराष्ट्रातला सगळ्यांत देखणा रस्ता, आणि व्हॅनिटीसाठी सगळ्यांत अवघड. फांद्या कडेला खाली आणि मधे उंच, कमानीसारख्या. म्हणजे मोठी गाडी रस्त्याच्या बरोब्बर मधोमध चालवायची आणि समोरच्याने समजून घ्यायचं. आम्ही पुढे अर्धा किलोमीटरवर एक मोटारसायकलवाला ठेवतो. तो समोरच्या गाड्यांना हात करून थांबवतो, मग व्हॅनिटी नवरदेवासारखी मधून येते. एका निर्मात्याच्या माणसाने एकदा कोयता आणला होता, "दोनच फांद्या" म्हणत. मामांनी किल्ली काढून खिशात घातली आणि खाली उतरून बसले. कोयता परत गेल्यावरच गाडी सुरू झाली.

बांबूची गोष्ट राहिलीच.

वाई तालुक्यातलंच एक गाव, नाव सांगत नाही. वेशीवर सिमेंटची स्वागत कमान, कुणाच्या तरी स्मरणार्थ. कमानीवर स्वच्छ अक्षरांत उंची: १२ फूट ६ इंच. आमची व्हॅनिटी एसीसकट ११ फूट ९ इंच. नऊ इंच मोकळे, म्हणजे चैन. रेकीला मी तो आकडा वहीत लिहून घेतला आणि पुढे गेलो. शूटिंगच्या पहाटे साडेपाचला व्हॅनिटी कमानीत शिरली आणि असा आवाज आला की आत झोपलेला मेकअपदादा बाहेर पळत आला. एसीचं डोकं कमानीत, गाडी ना पुढे ना मागे.

कमान बांधली तेव्हा उंची बरोबरच होती. नंतर रस्त्यावर डांबराचे दोन थर पडले, त्यावर काँक्रीट झालं. रस्ता वर आला, कमान होती तिथेच राहिली, आणि फलकावरचा आकडा बदलणं कुणाच्याच कामात बसत नव्हतं. वहीत आकडा लिहिणारा मीच होतो, मोजलं मात्र नव्हतं, तेव्हा दोष माझाच.

उपाय मामांनी केला. सहाही चाकांची हवा कमी केली. गाडी दोन-अडीच इंच बसली, आणि क्लीनरच्या एकेका थापेवर इंच-इंच मागे आली. एसीचं झाकण कमानीलाच राहिलं. सगळा गाव जमला होता. एक काकू म्हणाल्या, "आमच्या गणपतीची बी दरसाल अशीच तऱ्हा व्हती." मग हवा भरायला पंक्चरवाल्याला झोपेतून उठवलं. त्याने पैसे घेतले नाहीत, हिरोसोबत फोटो मागितला. हिरो त्या दिवशी बिनाएसीच्या खोलीत, मार्चच्या उन्हात. फोटोत तो हसतोय, पण जबरदस्तीने.

त्या संध्याकाळी मी बुरुडाकडून बांबू घेतला. गाडीच्या उंचीपेक्षा सहा इंच जास्त, कारण खड्ड्यातून गाडी उसळते. एक मात्र आवर्जून सांगतो: हा बांबू विजेच्या तारांखाली कधीही वर करायचा नाही, ओला तर मुळीच नाही. तारा लोंबत असतील तर महावितरणच्या वायरमनला गाठायचं आणि तोवर गाडी मागे ठेवायची. एका युनिटमध्ये स्पॉटबॉयने काठीने तार उचलताना बघितलंय. त्या दिवशी काही झालं नाही, एवढंच.

घाटांबद्दल माझं मत ठरलेलं आहे. पसरणी घाट चढून पाचगणीला मोठी व्हॅनिटी नेता येते, पण शनिवारी सकाळी चढायचं नाही आणि रविवारी संध्याकाळी उतरायचं नाही. महाबळेश्वरला जाणारी-येणारी अर्धी मुंबई तेव्हा त्याच वळणांवर असते. वरंध्यात मोठी गाडी नाहीच, कुणीही सांगितलं तरी. पावसाळ्यात तो जड वाहनांना बंद ठेवतात आणि उन्हाळ्यातही तिथली वळणं आमच्या शेपटीसाठी केलेली नाहीत. कोकणात उतरायचं तर लहान व्हॅनिटी भाड्याने घ्या, हे मी निर्मात्याला लेखी देतो. तो वाचत नाही, पण माझ्याकडे प्रत असते.

रुंदी आणि उंची जमली तरी तिसरी गोष्ट उरते, ती नकाशात नसते आणि फितीनेही मोजता येत नाही. एका वर्षी आम्ही बावधनच्या पलीकडे शेतात लोकेशन लावलं. तारीख ठरवली ती मुंबईच्या ऑफिसने, सुट्ट्यांची यादी बघून. रंगपंचमी त्या यादीत नव्हती. सकाळी पोचतो तर रस्ता माणसांनी भरलेला. बावधनचं बगाड! सोनेश्वरहून निघालेलं, बैलांच्या जोड्यांमागून जोड्या जुंपलेल्या, उंच लाकडावर बगाड्या, गुलाल, आणि "काशिनाथाचं चांगभलं!" असा गजर. आमच्या तरुण सहायक दिग्दर्शकाने एका कार्यकर्त्याला विचारलं, "दहा मिनिटं रस्ता मिळेल का?" त्याने शांतपणे उत्तर दिलं, "बगाड देवळापाशी पोचलं की."

पोचायला दिवस लागला. आम्ही व्हॅनिटी एका शेताच्या बांधाला लावली. आमची नटी मूळची पुण्याची, ती सरळ खाली उतरून गर्दीत गेली. परत आली तेव्हा कपाळभर गुलाल. सगळा दिवस वाया गेला म्हणून निर्माता फोनवर ओरडत होता, आणि त्याचंही बरोबर होतं.

तेव्हापासून बांबूशेजारी कालनिर्णय आलं. पौष पौर्णिमेला मांढरदेवच्या काळूबाईची यात्रा, तेव्हा वाई-भोर रस्त्याचं नाव काढायचं नाही. चैत्रापासून गावोगावच्या जत्रा. त्या कालनिर्णयातही नसतात, त्यासाठी पोलीस पाटलांना फोन. लग्नसराईत रस्त्यात मांडव पडतात. आदल्या दिवशी यजमानाला भेटून, नारळ देऊन एक बाजू दोन फूट आत घ्यायला सांगितली तर सहसा ऐकतात. पहाटे येऊन हॉर्न वाजवला तर ऐकत नाहीत, आणि मी त्यांच्या जागी असतो तर मीही ऐकलं नसतं.

आता राज्याने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, तेव्हापासून ओळखीचे लोक विचारतात: घरासारखी गाडी घेऊन कुटुंबाला वाईकडे न्यायचंय, रस्ता सांगा. मी त्यांना विचारतो, गाडीची उंची किती? बहुतेकांना पाण्याच्या टाकीचे लिटर माहीत असतात, उंची नसते. आधी फीत घ्या आणि टपावरच्या एसीपर्यंत मोजा, मग फोन करा.

गेल्या महिन्यात रेकीसाठी पुन्हा त्या कमानीपाशी थांबलो. रस्त्यावर नवीन डांबर पडलंय. बांबू आडवा ठेवून फीत लावली: ११ फूट ४ इंच. वर फलक नव्याने रंगवलाय, १२ फूट ६ इंच.